टर्बो गाडी घेतलीय? सोलापूरच्या उन्हात आणि धुळीत ती अशी सांभाळा

पूर्वी ‘टर्बो’ हा शब्द मालट्रकच्या किंवा डिझेल जीपच्या पाठीवर वाचायला मिळायचा. आता एक लिटरच्या, तीन सिलिंडरच्या घरगुती पेट्रोल गाडीतही टर्बो असतो. शोरूममध्ये चावी हातात देताना पेढे देतात, फोटो काढतात, पण या टर्बोला काय लागतं यावर कुणी दोन मिनिटं बोलत नाही. मग वर्ष-दोन वर्षांनी एखाद्या चढाला गाडी उचलंना होते, डॅशबोर्डवर पिवळी लाइट लागते, आणि गॅरेजमध्ये पहिलंच वाक्य ऐकू येतं, “टर्बो गेला.”

गेली काही वर्षं नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यांच्या गाड्या घेऊन मी गॅरेजच्या दारात बराच वेळ उभा राहिलोय. त्यातून एक गोष्ट मला पक्की कळली. टर्बो आपण होऊन क्वचितच जातो. त्याला बहुतेक वेळा ऑईल, धूळ नाहीतर उष्णता घालवते, आणि कित्येकदा तो गेलेलाच नसतो, दोष दुसरीकडेच असतो. म्हणून नव्या मालकानं काय करावं आणि कुठल्या क्रमानं करावं, ते इथं सविस्तर लिहितोय.

आधी टर्बो समजून घ्या

इंजिनातून बाहेर पडणारा जळका वायू एका छोट्या पंख्याला फिरवतो. हा पंखा ज्या दांड्यावर बसवलेला असतो, त्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो. तो बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात भरतो. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जाळता येतं, म्हणून लहान इंजिन मोठ्या इंजिनासारखं ओढतं. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी या इंजिनिअरनं १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं होतं.

छोट्या गाडीतला हा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे मारतो. पेट्रोल गाडीत वायूच्या बाजूचं तापमान ९०० अंशांच्या आसपास जातं. बहुतेक घरगुती गाड्यांत हा दांडा ऑईलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. तो थर तुटला की धातू धातूला घासतो आणि काही क्षणांत काम संपतं. दाबलेली हवा तापते, म्हणून ती इंजिनात जाण्याआधी इंटरकूलरमधून थंड होऊन जाते. दाब फार वाढू नये म्हणून वेस्टगेट नावाची झडप असते. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनापर्यंत रबरी होज असतात आणि ते क्लॅम्पनं आवळलेले असतात. एवढं डोक्यात असलं तरी मिस्त्रीशी नीट बोलता येतं.

पायरी १: मॅन्युअल वाचा, बॉनेट उघडा

गाडीच्या कप्प्यात पडलेलं पुस्तक काढा आणि चार गोष्टी मोबाइलमध्ये लिहून ठेवा: ऑईलचा ग्रेड, ऑईल बदलायचं अंतर, कुलंटचा प्रकार आणि स्पार्क प्लग किती किलोमीटरला बदलायचे. त्या पुस्तकात ‘कठीण परिस्थितीतला वापर’ अशा अर्थाचं एक पान असतं. धूळ, कडक ऊन, छोट्या फेऱ्या, सतत थांबत-चालत जाणं असं त्यात लिहिलेलं असतं. सोलापुरातली जवळपास प्रत्येक गाडी त्या पानात बसते. तेव्हा सर्विसचं अंतर त्या पानावरचंच धरा.

टायमिंग बेल्ट आहे की चेन, तेही बघून ठेवा. काही छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांत बेल्ट ऑईलमध्येच बुडून फिरतो. अशा गाडीत चुकीचं किंवा जुनं ऑईल बेल्टचं रबर खातं, त्याचे कण ऑईलच्या जाळीत अडकतात आणि मग टर्बोपर्यंत ऑईल पोहोचत नाही.

पायरी २: सुरू करण्याची आणि बंद करण्याची सवय लावा

सकाळी गाडी सुरू केल्या केल्या रेस करू नका. दहा मिनिटं जागेवर चालू ठेवायचीही गरज नाही. अर्धा मिनिट थांबा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर हलक्या पायानं चालवा. ऑईल गरम होऊन सगळीकडे पोहोचायला तेवढा वेळ लागतो.

बंद करण्याची सवय जास्त महत्त्वाची आहे. समजा, पुण्याहून येताय. एसी चालू, पाच माणसं, मागं सामान, वेग ताशी १०० आणि बाहेर ४३ अंश. टेंभुर्णीला चहासाठी गाडी बाजूला घेतली आणि लगेच बटण दाबून बंद केली. टर्बो त्या वेळी धगधगत असतो आणि ऑईलचा पंप मात्र थांबलेला असतो. बेअरिंगमध्ये अडकलेलं ऑईल तिथंच भाजतं. कढईच्या कडेला जळकं तेल कसं काळं होऊन घट्ट बसतं, तसा थर तिथं बसतो. दर फेरीला थोडा थोडा. दोन-तीन वर्षांनी ऑईलची वाटच अरुंद होते.

उपाय सोपा आहे. थांबायच्या आधीचा एक-दोन किलोमीटरचा रस्ता सावकाश चालवा, नाहीतर थांबल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवा. तेवढ्या वेळात घरच्यांना उतरू द्या, पाण्याची बाटली शोधू द्या. गावात सावकाश फिरून घरी आल्यावर याची गरज नाही, कारण तेव्हा टर्बो फारसा तापलेलाच नसतो. सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारी सोय असेल, तर हायवेवरून तडक टोल नाक्यावर येताना तिचं बटण बंद ठेवा.

बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही पंखा किंवा पाण्याचा छोटा पंप मिनिटभर चालू राहतो. नवे मालक घाबरून बॅटरीची वायर काढायला निघतात. तसं करू नका, ती टर्बो थंड करायचीच सोय आहे.

पायरी ३: ऑईलच्या बाबतीत एक पैसाही वाचवू नका

टर्बोचं आयुष्य जवळजवळ ऑईलच्याच हाती आहे, म्हणून ही पायरी लांबवतोय.

साध्या गाडीत उशिरा बदललेलं ऑईल इंजिन बरेच दिवस सहन करतं. टर्बो सहन करत नाही. मॅन्युअलमध्ये १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष लिहिलं असेल आणि गाडी बहुतेक वेळ जुळे सोलापूर ते नवी पेठ, शाळा, भाजी, दवाखाना अशी चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या मारत असेल, तर मी ऑईल साडेसात हजारांच्या पुढं जाऊ देत नाही. किलोमीटर कमी झाले तरी वर्ष झालं की बदलायचं. छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑईलमध्ये उतरतं आणि ऑईल पातळ होतं.

ग्रेड म्हणजे केवळ ५डब्ल्यू-३० हा ऑईलचा जाडपणा सांगणारा आकडा एवढंच नव्हे. डब्यावर एपीआय किंवा एसीईए असं मानकही लिहिलेलं असतं. थेट सिलिंडरमध्ये फवारणी करणाऱ्या टर्बो पेट्रोल इंजिनात कमी आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला कमी फेरे घेत असताना, भार पडला की वेळेआधीच स्फोट होण्याचा धोका असतो. २०२० मध्ये आलेलं एपीआय एसपी हे मानक तो धोका ध्यानात घेऊन केलेलं आहे. बीएस६ डिझेल गाडीला कमी राखेचं ऑईल लागतं, ते डब्यावर सी२ किंवा सी३ असं ओळखता येतं. तुमच्या पुस्तकात जे असेल तेच घ्या. ‘आपल्याकडं ऊन जास्त, जाड ऑईल टाका’ हा सल्ला ऐकू नका. जाड ऑईल थंड इंजिनात टर्बोपर्यंत उशिरा पोहोचतं.

दर पंधरा दिवसांनी ऑईल स्वतः तपासा. गाडी सपाट जागेवर लावा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, पट्टी बाहेर काढून पुसा, पुन्हा घालून काढा. ऑईल दोन खुणांच्या मध्ये हवं. कमी असेल तर त्याच ग्रेडचं थोडं थोडं टाका, एकदम लिटरभर ओतू नका. टर्बो इंजिन थोडं ऑईल पितं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण पिणं अचानक वाढलं तर घाबरा. पातळी न टाकता वाढलेली दिसली आणि पट्टीला पेट्रोलचा किंवा डिझेलचा वास आला, तर ऑईलमध्ये इंधन मिसळतंय. ते लगेच बदला. डिझेलचं ऑईल बदलल्यावर लगेच काळं दिसतं, त्यावरून काही ठरवू नका.

बाहेर सर्विस करत असाल तर सीलबंद डबा तुमच्यासमोर उघडून घ्या, फिल्टर कंपनीचाच लावा. रिकामा डबा भंगारात देण्याआधी त्याला भोकं पाडा. नकली ऑईलवाल्यांना असेच चांगले डबे लागतात आणि तो डबा पुढं आपल्याच एखाद्या पाहुण्याच्या गाडीत रिकामा होतो.

ऑईलची लाल लाइट लागली तर ‘पुढच्या पंपापर्यंत नेऊ’ असा विचार करू नका. आहे तिथं बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा.

पायरी ४: आत जाणारी हवा स्वच्छ ठेवा

होटगी रोड, अक्कलकोट रोड एमआयडीसी, चिंचोळीकडचा भाग, खडीचे आणि सिमेंटचे ट्रक. इथं सकाळी पुसलेली गाडी संध्याकाळी पांढरी होते. ऊस हंगामात उसाचं पाचट रस्त्यावर उडत असतं. ही सगळी हवा टर्बो ओढतो, आणि लाखभर फेऱ्यांनी फिरणाऱ्या पंख्याला धुळीचा बारीक कणही कानशीसारखा घासतो. पाती झिजली की दाब कमी होतो आणि दांड्याचा तोल जातो.

एअर फिल्टर दर ५,००० किलोमीटरला काढून बघा. हलकी धूळ असेल तर झटका. कॉम्प्रेसरचं जोराचं वारं मारू नका, त्यानं कागदाला डोळ्याला न दिसणारी छिद्रं पडतात. पाण्यानं तर धुऊच नका. काळा पडला असेल तर नवाच टाका. फिल्टर टर्बोच्या तुलनेत फार स्वस्त पडतो. बॉक्सचं झाकण लावताना चारी क्लिपा बसल्यात का ते स्वतः बघा. एक क्लिप सुटली की फिल्टर असून नसल्यासारखा. ऑईल लावलेले ‘जास्त पिकअप’वाले फिल्टर आपल्या धुळीत नकोत, त्यातलं तेल पुढच्या हवेच्या सेन्सरवर बसतं.

गाडी दोन-तीन आठवडे एका जागी उभी राहिली असेल, तर सुरू करण्याआधी बॉनेट उघडून होज बघा. पावसाळ्यात उंदीर तिथं आसऱ्याला येतात आणि होज कुरतडतात.

पायरी ५: उन्हाळ्याची तयारी मार्चमध्येच करा

टर्बो पेट्रोल गाड्यांत टर्बोचा गाभा बहुतेक कुलंटनंच थंड होतो. थंड इंजिनात बाटलीतली पातळी बघा. कमी असेल तर त्याच प्रकारचं तयार कुलंट टाका. जाड कुलंट असेल तर डब्यावरच्या प्रमाणात डिस्टिल्ड पाणी मिसळा. आपल्याकडचं बोअरचं क्षाराचं पाणी टाकू नका. चहाच्या भांड्याला जसा पांढरा थर धरतो तसाच तो आतल्या नळ्यांना धरतो. गरम गाडीचं झाकण उघडायचं नाही, हे घरातल्या प्रत्येक गाडी चालवणाऱ्याला सांगून ठेवा.

समोरच्या जाळीमागं एसीची जाळी, रॅडिएटर आणि बऱ्याच गाड्यांत इंटरकूलर एकामागं एक असतात. त्यात कापसाची तूस, किडे, माती बसते. धुताना साध्या पाइपनं, कमी दाबानं धुवा. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारला तर पातळ पत्रे वाकतात आणि हवा जायची बंद होते.

मे महिन्यात भर दुपारी सात रस्ता चौकाच्या गर्दीत गाडी जड वाटते, पिकअप कमी लागतो, आणि रात्री तीच गाडी उत्तम पळते. हा दोष नाही. आत जाणारी हवा तापलेली असते, म्हणून इंजिनाचा संगणक स्वतःच ताकद थोडी कमी करतो. केवळ यासाठी गॅरेजला जाऊ नका. तापमानाचा काटा नेहमीपेक्षा वर चढला तरच जा.

पायरी ६: गिअर वेळेवर टाका

टर्बोला दाब तयार करायला इंजिनाचे फेरे लागतात. पंधराशे-अठराशे आरपीएमच्या खाली तो बहुतेक गाड्यांत झोपलेला असतो. तो जागा व्हायला जो क्षण लागतो त्याला लॅग म्हणतात.

तुळजापूरच्या घाटात पाच माणसं घेऊन चौथ्या गिअरला बाराशे आरपीएमवर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून गाडी ओढत नेणं, ही सवय टर्बो पेट्रोलसाठी सर्वांत घातक. अ‍ॅव्हरेज मिळतं असं वाटतं, पण वर सांगितलेला अवेळी स्फोट याच स्थितीत होतो आणि पिस्टनला तडा जाऊ शकतो. एक गिअर खाली घ्या, इंजिनाला दोन हजारांच्या वर मोकळं फिरू द्या.

ओव्हरटेकच्या वेळी याहून जास्त जपा. अक्कलकोट किंवा विजयपूर रस्त्यावर रात्री उसाची ट्रॉली दिसते. मागं ना दिवा, ना रिफ्लेक्टर. समोरून गाडी येत नाही बघून तुम्ही बाहेर पडता, पाय दाबता, आणि एक-दीड सेकंद काहीच होत नाही. तो सेकंद फार मोठा असतो. म्हणून आधी गिअर खाली, मग आरपीएम वर, आणि मगच बाहेर पडा. ऑटोमॅटिक असेल तर स्पोर्ट किंवा मॅन्युअल मोड घ्या. नवी गाडी घेतल्यावर मोकळ्या रस्त्यावर, मागं कुणी नसताना, आपल्या गाडीचा लॅग किती आहे ते दोन-चार वेळा अनुभवून घ्या. घरात दुसरं कुणी चालवत असेल तर त्यांनाही शेजारी बसून दाखवा.

पेट्रोलबद्दल थोडक्यात: आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल असतं. ते इथेनॉल आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांतही तयार होतं. त्यानं अ‍ॅव्हरेज थोडं कमी पडतं, तो टर्बोचा दोष समजू नका. गाडी २०२३ च्या आधीची असेल तर मॅन्युअल आणि टाकीच्या झाकणावरचं स्टिकर बघा. महागडं पेट्रोल मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तरच टाका.

पायरी ७: बीएस६ डिझेल असेल तर आठवड्याला एक लांब फेरी

१ एप्रिल २०२० पासून बीएस६ नियम आले आणि डिझेल गाड्यांना डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारी गाळणी आली. गाळणी भरली की गाडी स्वतः ती जाळून साफ करते, पण त्यासाठी सायलेन्सर तापलेला हवा. गावात चार किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत तो तापतच नाही. मग गाळणी तुंबते, वायूला बाहेर जायला वाट राहत नाही, ताकद पडते आणि टर्बोवर उलटा दाब येतो. लोक म्हणतात, “टर्बो गेला.”

आठवड्यातून एकदा मोहोळपर्यंत जाऊन या, जाऊन-येऊन साधारण ७० किलोमीटर होतात. वेग एकसारखा ६०-८० ठेवा. गाळणीची लाइट लागली तर त्याच दिवशी वीस-पंचवीस मिनिटं सलग चालवा. आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीतले इंजिनाचे फेरे, वाढलंय, पंखा जोरात फिरतोय, जळका वास येतोय, अशी गाडी घरापाशी आली असेल तर ती मध्येच बंद करू नका, आणखी दोन चकरा मारा, साफसफाई पूर्ण होऊ द्या. दुर्लक्ष केलं तर शोरूममध्ये मशीनवर साफ करून घ्यावी लागते, आणि त्यानंतर पाळी येते ती बदलण्याची. महिन्याचे पाच-सहाशे किलोमीटरच होत असतील आणि तेही गावातच, तर डिझेल घेऊच नका, असं मी प्रत्येकाला स्पष्ट सांगतो.

पायरी ८: दोष आला तर स्वस्ताकडून महागाकडं तपासा

दोन वर्षांपूर्वी मेहुण्याचा मोहोळच्या पुढून फोन आला. “दाजी, गाडी उचलंना झाली बघा. साठच्या वर जाईना, पिवळी लाइट लागलीय. इथला मिस्त्री टर्बो गेला म्हणतोय.” मी म्हटलं, रेस केल्यावर फुस्स आवाज येतोय का बघ. येत होता. इंटरकूलरकडं जाणारा होज क्लॅम्पमधून निसटला होता. क्लॅम्प आवळला, गाडीच्या संगणकात नोंदलेला दोषाचा कोड स्कॅनरनं काढला, गाडी संध्याकाळी घरी. त्या दिवशी हो म्हटलं असतं तर चांगला टर्बो भंगारात गेला असता, आणि नव्या टर्बोसोबत होजही नीट बसवला गेल्यामुळं ‘टर्बोच गेला होता’ हेच सगळ्यांना खरं वाटलं असतं.

पिकअप एकदम गेला तर इंजिन बंद करून पुन्हा सुरू करा. थोडा वेळ गाडी नीट चालून पुन्हा पडली, तर समजा की संगणकानं इंजिन वाचवण्यासाठी ताकद रोखून धरलीय. यालाच लिंप मोड म्हणतात. मिस्त्रीकडं जा आणि आधी स्कॅनर लावायला सांगा, कोडचा फोटो घ्या. ‘बूस्ट कमी’ असा कोड म्हणजे टर्बो खराब असा अर्थ होत नाही, हवा कुठंतरी कमी पडतेय एवढाच त्याचा अर्थ. मग या क्रमानं बघायला सांगा: एअर फिल्टर, सगळे होज आणि क्लॅम्प, इंटरकूलरला चीर, दाबाचा सेन्सर घाण झालाय का, डिझेल असेल तर डिझेल फिल्टर, ईजीआर (जळका वायू थोडा परत इंजिनात सोडणारी झडप) आणि डीपीएफ, वेस्टगेटची दांडी आणि तिची बारीक व्हॅक्यूम नळी. धुराची मशीन असलेलं गॅरेज मिळालं तर गळती पाच मिनिटांत दिसते. टर्बो सर्वांत शेवटी.

पेट्रोल गाडी झटके देतेय, तेही जोर लावल्यावरच, तर बहुधा स्पार्क प्लग किंवा त्याला वीज देणारी कॉइल. दाबलेल्या हवेत ठिणगी पडायला जास्त कठीण जातं, म्हणून टर्बो गाडीत झिजलेला प्लग लवकर उघडा पडतो. थेट फवारणीच्या इंजिनात ५०-६० हजारांनंतर झडपांवर काजळी बसून सकाळी गाडी थरथरू शकते. ती काढून घ्यावी लागते, पेट्रोलमध्ये टाकायच्या बाटलीनं ती जात नाही, कारण पेट्रोल त्या झडपांना शिवतच नाही.

आवाजाचं असं आहे: हलकी, आरपीएमबरोबर चढणारी शिट्टी चालते. ती रोज ऐका, ओळखीची होऊ द्या. तीच शिट्टी सायरनसारखी मोठी झाली किंवा घासल्याचा आवाज आला, तर गाडी थांबवा. फुस्स म्हणजे गळती.

धुराचा रंग बघायला शिका. काळा धूर म्हणजे इंधन जास्त, हवा कमी. डिझेलमध्ये होज फाटला की असाच धूर येतो. निळा म्हणजे ऑईल जळतंय. तोही सरळ टर्बोवर ढकलू नका. इंजिनाची हवा बाहेर काढणारी ब्रीदर नळी तुंबली किंवा टर्बोतून ऑईल परत नेणारा पाइप चोक झाला, तरी चांगल्या टर्बोतून ऑईल बाहेर फेकलं जातं. पांढरा, थांबत नसलेला आणि गोडसर वासाचा धूर म्हणजे कुलंट आत जातंय, गाडी चालवू नका. थंडीतल्या सकाळी दोन मिनिटं दिसणारी वाफ यात धरू नका.

मिस्त्री होज काढून आतलं ऑईल दाखवेल. बोटाला लागेल एवढा ओलसर थर जवळपास प्रत्येक टर्बो गाडीत असतो, तो ब्रीदरमधून येतो. ओघळत असेल, डबकं साचलं असेल, तर काळजीचं. मग थंड इंजिनात टर्बोचा दांडा बोटानं हलवून बघायला सांगा, आणि तुम्ही स्वतः हलवून बघा. बाजूला किंचित हलणं चालतं, कारण तिथं ऑईलचा थर भरतो. आत-बाहेर खेळ जाणवला, पाती घराला घासलेली दिसली किंवा पात्यांचे टोक तुटलेले दिसले, तर मात्र टर्बो खरंच गेला.

डिझेल गाडीवाल्यांसाठी एक गोष्ट जिवाची आहे. टर्बोचं सील पूर्ण फुटलं तर इंजिन स्वतःचंच ऑईल जाळून आपोआप रेस होऊ लागतं, आणि चावी बंद करूनही थांबत नाही. प्रचंड धूर होतो. हे क्वचित घडतं. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक घट्ट दाबून सर्वांत वरच्या गिअरमध्ये टाका आणि क्लच एकदम सोडा, इंजिन अडून बंद पडेल. जमलं नाही किंवा ऑटोमॅटिक असेल, तर हँडब्रेक ओढून सगळ्यांना उतरवा आणि लांब जा. बॉनेट उघडायला जाऊ नका.

पायरी ९: टर्बो बदलायचाच असेल तर

पहिला प्रश्न विचारा, “तो कशानं गेला?” उत्तर न शोधता बसवलेला नवा टर्बो काही महिन्यांत पुन्हा जातो. मिस्त्रीला रागवायचं नाही. “अण्णा, कारण सापडलं की मगच बसवा” एवढं शांतपणे सांगा, चांगला मिस्त्री ते ऐकतो.

टर्बोबरोबर ऑईल आणि ऑईल फिल्टर नवं हवंच. ऑईल आणणारा बारीक पाइप नवा घ्या, त्यात किंवा बोल्टमध्ये जाळी असेल तर तीही. परत नेणारा पाइप साफ व्हायला हवा. जुना टर्बो तुटून गेला असेल तर इंटरकूलर काढून धुतलाच पाहिजे, नाहीतर त्यात अडकलेलं ऑईल आणि धातूचे तुकडे इंजिनात जातील. ऑईलच्या जोडांना गॅसकेटऐवजी सिलिकॉन लावू देऊ नका. त्याचा जास्तीचा भाग आत सुटतो आणि ऑईलची वाट बुजवतो.

रिकंडिशन टर्बो चालतो का, हे खूप लोक विचारतात. नुसते बेअरिंग आणि सील बदलून हातानं बसवलेला नको. मशीनवर बॅलन्स केलेला, लेखी वॉरंटीचा आणि बिलासह मिळत असेल तर जुन्या गाडीसाठी विचार करा. वॉरंटीतल्या गाडीला बाहेर हात लावू नका. तसंच ताकद वाढवायची चिप किंवा रीमॅप (इंजिनाच्या संगणकातली मांडणी बदलणं) हे प्रकार घरगुती गाडीत नकोत. वॉरंटी जाते, आणि टर्बो, क्लच, पिस्टन सगळ्यांवर त्यांना न झेपणारा भार येतो. सेकंडहँड टर्बो गाडी घेताना असं काही केलंय का ते मालकाला आवर्जून विचारा, सर्विसची सगळी बिलं मागा आणि गाडी सकाळी, इंजिन गार असतानाच सुरू करून बघा.

बसवताना टर्बोच्या ऑईलच्या तोंडात आधी थोडं स्वच्छ ऑईल ओतायला सांगा आणि इंजिन सुरू झाल्यावर दोन मिनिटं आयडलिंगला ठेवा, रेस करू देऊ नका. जुना टर्बो परत मागून घ्या. पहिले काही किलोमीटर सायलेन्सरमध्ये साठलेलं जुनं ऑईल जळून निळसर धूर येऊ शकतो, तो कमी होत जातो की नाही ते बघा. दुसऱ्या दिवशी गार इंजिनात ऑईलची पट्टी तपासा, पाइपच्या जोडांखाली थेंब पडलेत का ते खाली पुठ्ठा टाकून बघा, आणि पाचशे किलोमीटर झाल्यावर गॅरेजमध्ये जाऊन सगळे क्लॅम्प एकदा पुन्हा आवळून घ्या.